खोटी हाक, खरी हाक



आजचा विषय यंत्राचा असला, तरी तो आपल्या विहिरीच्या काठापर्यंत येऊन पोचला आहे. पंप सांभाळायला आता तळहाताएवढा संगणक-बोर्ड बसवता येतो. त्यावर लिनक्स चालते. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली ती प्रणाली प्रथम लोकांपुढे ठेवली.

विहिरीतले पाणी आटले, की आतली कळ बोर्डाला खबर देते. प्रोसेसर हातचे काम सोडून आधी ती ऐकतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. पण कोणी कडी वाजवावी आणि दार उघडले तर बाहेर कोणीच नसावे, असे वारंवार घडले तर? लिनक्स याचा हिशेब ठेवते. एका तारेवरच्या 1,00,000 हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या, की ‘नोबडी केअर्ड’, म्हणजे कोणीच दखल घेतली नाही, असा शेरा लिहून ती तार बंद करते. बोर्ड वाचतो खरा; पण त्याच तारेवरची खरी हाकही मग वेळेवर पोचत नाही. पंप कोरडा फिरतो आणि मोटार जळते.

तेव्हा शोध क्रमाने घ्यावा. प्रणाली हाकांचा तक्ता ठेवते; तो थोड्या अंतराने दोनदा वाचावा. कोणता आकडा भरमसाट वाढतो, ते पाहावे. मग त्या तारेला जोडलेले बाहेरचे साधन सोडवावे. आकडा थांबला, तर दोष बाहेर आहे. मोटारीच्या वायरीलगत नेलेली लांब तार भलतेच धक्के उचलते; लोंबकळत्या तारेला योग्य रोध जोडून तिची पातळी स्थिर करावी लागते.

आकडा थांबला नाही, तर आत पाहावे. साधन वरच्या पातळीने हाक देते आणि बोर्डाच्या वर्णन-फाइलीत खालची लिहिली आहे, एवढ्या चुकीनेही कडी अखंड वाजते. एका तारेवर दोन साधने असतील आणि एकाचा ड्रायव्हर चढलाच नसेल, तर दुसरा ‘ही हाक माझी नव्हे’ म्हणतो, आणि ते खरेच असते. कधी ‘ऐकले’ हा निरोप साधनापर्यंत पोचण्याआधीच प्रोसेसर पुढे सरकतो. अशा वेळी लिहिलेला निरोप साधनाकडून परत वाचून घ्यावा, म्हणजे तो पोचल्याची खात्री होते.

शेऱ्यासोबत प्रणाली ‘आयआरक्यूपोल’ नावाचा पर्यायही सुचवते. त्यात बेवारस हाक आली, की प्रत्येक ड्रायव्हरला विचारले जाते. ती कुबडी आहे. तिने पाय बरा होत नाही.

कटकट नको म्हणून कडीच काढून टाकणे सोपे असते. पण मग खरा पाहुणाही दाराबाहेरच राहतो. कडी कोण वाजवतो, ते आधी शोधावे, एवढीच आमची विनंती आहे.