मोहरी नाकात का जाते?

लोणच्यासाठी मोहरी फेसत असताना आपण कधी जवळ बसला आहात काय? कोरडा दाणा नाकाशी धरा, वास म्हणून येत नाही. पूड करून पाणी घाला व फेसू लागा, की डोळ्यांत पाणी उभे राहते. आणि तीच मोहरी फोडणीत तडतडली म्हणजे खमंग होऊन निमूट बसते. मला बोलावयाचे आहे ते कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल यांविषयी. पण या भावकीचे गुपित मोहरीपाशी आहे.

या कुळातील वनस्पतींच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात. निराळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचे विकर असते. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळीने चिरा, दाताने चावा, की भिंत मोडते आणि आयसोथायोसायनेट हे झणझणीत द्रव्य तयार होते. फोडणीच्या उकळत्या तेलात विकरच मरते, म्हणून झणका नाही.

झाडाने ही तरतूद केली ती किडींसाठी, आपल्यासाठी नव्हे. मौज अशी की चौकोनी ठिपक्यांचा पतंग नेमका या द्रव्यांच्याच मागावर कोबीवर येतो. शिरूर-दौंडकडे ज्यांच्या रानात कोबी आहे त्यांना तो ठाऊक असेलच. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने म्हणून कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरी लावण्याचा उपाय सुचविला. पतंग मोहरीवर भुलतो.

आता आपल्या पोटात काय होते? १९९२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले व त्यांचे सहकारी यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले. शरीरातील विषारी द्रव्यांचा निचरा करणारी विकरे त्याने वाढतात, असे त्यांना आढळले. पुढे चीनमधील छीतुंग भागात २९१ माणसांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांनी ब्रोकोलीच्या मोडांचे पेय घेतले, त्यांच्या लघवीवाटे बेंझीनचा निचरा ६१ टक्क्यांनी अधिक झाला. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. बेंझीन वाहनांच्या धुरात असते. पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात, किंवा अहिल्यानगरच्या रस्त्यावर शिरूरला, ज्यांचा दिवस धुरात जातो, त्यांना ही बातमी बरी वाटेल.

पण त्या प्रयोगात निचरा मोजला. कुणाचा रोग बरा केला नाही. हा भेद बारीक वाटतो, तसा तो नाही. शिरूरच्या आमच्या एका आप्तांच्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, तोच कोणी सांगितले, “अहो, महिनाभर कोबीचा रस घ्या, गाठ विरघळते.” त्यांनी घेतला. महिन्याचे तीन महिने झाले, गाठ वाढली, आणि जे थोडक्यात व्हायचे ते मोठे झाले.

उलट टोकाचीही माणसे आहेत. दौंडच्या एका परिचित बाईंनी थायरॉइडची गोळी सुरू होताच कोबी-फ्लॉवर घरातून हद्दपार केले. या भीतीचे मूळ सशांत आहे! १९२८ साली जॉन्स हॉपकिन्समध्येच मुख्यतः कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला होता. आपण काही ससे नव्हे. ज्यांच्या घरी आयोडीनयुक्त मीठ आहे, त्यांनी वाटीभर शिजलेल्या भाजीला भिण्याचे कारण नाही. कच्च्या कोबीचे पेलेच्या पेले मात्र रिचवू नयेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा कमी करू नये, डॉक्टरांना विचारावे.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. कोबी धुवायचा तो आधी. चिरून पाण्यात टाकला की गुण पाण्याबरोबर मोरीत जातो. चिरून अर्धा तास तसाच ठेवावा, म्हणजे विकर आपले काम उरकते, आणि मग थोडक्या पाण्यात वाफवावा. अळीच्या भयाने फ्लॉवर मिठाच्या गरम पाण्यात घालतात. घालावा, पण मोठे तुरे ठेवून, क्षणभरच. आणि घाईत भाजी आधीच गाळ शिजली असेल तर? कच्च्या मोहरीची चिमूटभर पूड उतरवलेल्या भाजीत कालवा. भाजीतील मेलेल्या विकराचे काम मोहरीतले विकर करते, असे इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात ब्रोकोलीवर दिसून आले आहे. काकडीच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालणाऱ्या आपल्या घरांना ही चव काही नवी नाही. फक्त कालवताना तोंड जरा बाजूला धरावे, बरं का.