मूठ मालकाची, नळी कायद्याची

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें वापरलेलें ०.३८ इंची वेब्ले रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध आहे. त्याच घडणीवरून कानपूरच्या सरकारी शस्त्र-कारखान्यानें नागरिकांसाठीं ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर काढलें. तें बिजागरीवर मोडून उघडतें व त्यांत सहा काडतुसें बसतात. परवाना असणारासच तें विकत घेतां येतें.

महाळुंग्यांतील एखाद्या माजी सैनिकाकडे असें शस्त्र असलें, तर तें सजवावें असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. शिसवी लाकडाची मूठ बसवावी, चामड्याची खोळ शिवून घ्यावी. ह्या हौसेंत वावगें कांहीं नाहीं.

परंतु महाळुंगें आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत आहे. येथें घरोघर लेथ चालविणारे कुशल हात आहेत. त्यांपैकीं एखाद्यास मित्र म्हणेल, "नळी जरा आखूड करून दे", किंवा "हें शोभेचें पिस्तूल खरें करून दे." १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या कलम ६ अन्वयें ह्या दोन्ही कामांस स्वतंत्र परवाना लागतो, त्यावांचून तो गुन्हा ठरतो. शिवाय शोभेच्या धातूस बाराचा दाब सोसत नाहीं. नळी फुटली तर हात जातो.

अशा वेळीं ज्यानें मित्राचें शस्त्र जसेंच्या तसें परत केलें, त्यानें मैत्रीहि राखली आणि कसबहि राखलें.