आधी दाते मोजा, मग वजन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सायकलवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर आपल्या तुमसर तालुक्याचे दोन भाग पडतात. एकीकडे वैनगंगेच्या खोऱ्यातली सपाट जमीन, धानाच्या बांध्या आणि भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता. दुसरीकडे सातपुड्याच्या पायथ्याचे डोंगर. आंबागड, चिखला, गायमुख, चांदपूर या बाजूला निघालं की डांबरी रस्ता सोडताच मुरमाचे चढ सुरू होतात. सपाटीवर जी सायकल वाऱ्यासारखी पळते, तीच या चढावर पाय धरून बसते. दोन्हीकडे चालेल अशी एकच सायकल हवी असेल, तर तिच्या पुढच्या चेनव्हीलला दाते किती असावेत, हा आजचा आपला विषय आहे.

गेल्या काही वर्षांत गिअरच्या माउंटन बाइक लहान गावांतही आल्या. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. अशा बातम्या वाचून सायकलकडे वळलेले तरुण हल्ली आवर्जून विचारतात, "दोन चकत्यांचा हलका क्रँकसेट बसवू का?" प्रश्न चांगला आहे. फक्त त्यातल्या 'हलका' या शब्दावर जेवढा जोर असतो, तेवढा 'दोन चकत्या' या शब्दांवर नसतो. खरं महत्त्व मात्र तिथंच आहे.

आधी शब्द समजून घेऊ. पायडल ज्या दांड्याला लागतं तो क्रँक. उजव्या क्रँकला जोडलेली दातेरी चकती म्हणजे चेनव्हील. हे सगळं मिळून क्रँकसेट. तो ज्या एक्सलवर फिरतो, तो एक्सल आणि त्याच्या बेअरिंग यांना दुकानात बीबी म्हणतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे एकच चेनव्हील आणि मागे एकच फ्रीव्हील. पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी याच एका हिशेबावर आयुष्य काढलं. चढ आला की खाली उतरायचं आणि सायकल ढकलायची.

आता दुकानात '२१ गिअरची' म्हणून मिळणारी साधी माउंटन बाइक पाहा. पुढे बहुधा तीन चकत्या: ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागे सात: १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. तीन साते एकवीस हे खरं, पण ते पाढ्यात. पुढे ४२ आणि मागे २८ लावा, गुणोत्तर दीड येतं. पुढे २४ आणि मागे १६ लावा, तरीही दीडच. पुढे ३४ आणि मागे २२ लावलं तर दीडपेक्षा किंचित जास्त. म्हणजे तीन वेगळे गिअर म्हणून आपण पैसे मोजले आणि पायाला तिन्ही एकसारखेच लागतात. त्यात सर्वांत बाहेरची चकती सर्वांत आतल्या दात्यांशी जोडली की चेन तिरकी चालते, कुरकुरते आणि लवकर झिजते. असे तिरके गिअर वगळले आणि सारखे गिअर एकदाच मोजले, तर हाती दहा-बारा उरतात. ते दोन चकत्यांतही मिळतात.

महागड्या सायकलींच्या कारखान्यांनाही हे पटायला वेळ लागला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंटन बाइक आकाराला आली, तेव्हा लांबच्या सफरीच्या सायकलींचे तीन चकत्यांचे क्रँक तिला लावले गेले आणि तीच रीत पुढे चालू राहिली. २००९ मध्ये स्रॅम कंपनीनं पुढे दोन आणि मागे दहा अशी रचना बाजारात आणली. शिमानोनंही पाठोपाठ दोन चकत्यांचे संच दिले. २०१२ पासून पुढे एकच चकती असलेल्या रचनेची लाट आली. आज महागड्या नव्या माउंटन बाइकला पुढे बहुधा एकच चकती आणि मागे बारा असतात, त्यांतली सर्वांत मोठी ५०-५२ दात्यांची. मग दोन चकत्यांचा विचार आज कशाला? कारण ज्यांच्याकडे मागे सात, आठ किंवा नऊ दातेचक्रं असलेली चांगली सायकल आहे, त्यांना एक चकती करायची तर मागची कॅसेट, डिरेलर, शिफ्टर, चेन आणि कित्येकदा मागचा हबही बदलावा लागतो. दोन चकत्यांसाठी मागच्या भागाला हात लावावा लागत नाही.

आता दाते ठरवू. २६ इंची माउंटन बाइकचं चाक एका फेरीत सुमारे २.०६ मीटर जातं. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरवणं सरावलेल्या माणसाला जमतं. ४२ आणि १४ या जोडीवर त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या जवळ जातो. जाड टायरच्या सायकलवर, समोरून वारा असताना, हा वेग कितीजण टिकवतात? ४२ ऐवजी ३६ लावले, तर त्याच १४ दात्यांवर वेग ताशी २५ किलोमीटर येतो, आणि एका फेरीत सायकल ५.३ मीटर जाते. म्हणजे आपल्या काळ्या सायकलीच्या अगदी जवळ! आपल्या आधीच्या पिढ्यांनी जो हिशेब आयुष्यभर वापरला, तोच आपला मोठा गिअर. मागे ११ दात्यांची कॅसेट असेल तर ३६ वरही ताशी ३२ किलोमीटर गाठता येतात, आणि ४२ ची आठवणही येत नाही. ज्यांचं बहुतेक फिरणं भंडारा रस्त्यावर आहे आणि मागे १४ च दाते आहेत, त्यांनी ३८ घ्यावेत.

लहान चकतीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मुरमाच्या चढावर पाय टेकायचा की नाही, हे तीच ठरवते. २४ आणि २८ च्या जोडीवर एका फेरीत सायकल १.७७ मीटर जाते. २२ आणि ३४ ची जोडी असेल तर १.३३ मीटर. दुसऱ्या जोडीवर पायाला तेवढाच कमी जोर लावावा लागतो. जड गिअर रेटून चढ चढणाऱ्याचे गुडघे आधी बोलू लागतात, आणि गुडघा दुकानात मिळत नाही. म्हणून आपल्या भागासाठी माझी शिफारस ३६-२२ किंवा ३६-२४ ची आहे. रोड बाइकलाही पुढे दोन चकत्या असतात, पण त्या बऱ्याचदा ५०-३४ च्या. हलक्या मिळाल्या म्हणून त्या माउंटन बाइकला लावू नयेत. चढावर त्या उपयोगाच्या नाहीत, आणि मोठी चकती फ्रेमला घासण्याची शक्यता असते.

मोठी चकती गेली की आणखी एक फायदा होतो. ४२ दात्यांच्या चकतीपेक्षा ३६ दात्यांची चकती जमिनीपासून सुमारे १२ मिलीमीटर वर राहते. बांधीचा धुरा ओलांडताना किंवा नाल्यातल्या दगडावरून जाताना हे बारा मिलीमीटर दाते वाचवतात.

आता वजनाकडे येऊ. साधा पोलादी तीन चकत्यांचा संच किलोभर किंवा थोडा जास्त भरतो. पोकळ दांड्याचा चांगला अ‍ॅल्युमिनियमचा संच घेतला तर बीबीसह धरून साधारण अर्धा किलो वाचतो. स्वार ६० किलोचा आणि सायकल १५ किलोची धरली, तर ७५ किलोत अर्धा किलो म्हणजे दीडशेवा भाग. अर्ध्या तासाच्या चढावर त्यानं वाचणारा वेळ सुमारे १२ सेकंद! शर्यतीत उतरणाऱ्याला १२ सेकंद मोलाचे वाटतील. पण कोका-नागझिऱ्याच्या बाजूला किंवा चांदपूरला फिरायला जाणारा माणूस पाठीवर दोन लिटर पाणी घेतो, ते दोन किलोचं असतं. फिरणाऱ्या भागाचं वजन कमी केलं की सायकल पळते, असंही सांगितलं जातं. ते टायर आणि रिमच्या बाबतीत काही अंशी खरं आहे. क्रँक मात्र लहान वर्तुळात, मिनिटाला साठ-ऐंशी वेळाच फिरतो, त्यामुळे तिथं तो फरक जाणवत नाही. वजन कमी झालं तर आनंदच आहे, पण त्यासाठी सायकलच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम घालण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

हलकेपणाची दुसरी बाजूही आहे. अ‍ॅल्युमिनियमचे दाते पोलादापेक्षा लवकर झिजतात, आणि लहान चकतीवर तर थोड्याच दात्यांवर सगळा ताण येतो. दाते वाकले आणि त्यात बांधीचा चिखल बसला की चेन सुटत नाही, चकतीबरोबर वर ओढली जाते आणि फ्रेमला खरवडते. म्हणून लहान चकती पोलादीच असावी. पोलादाला कणखर करणारं मॅंगनीज आपल्याच तालुक्यात, चिखल्याच्या खाणीतून निघतं, तेव्हा पोलादाला कमी लेखायचं आपल्याला तरी कारण नाही.

खरेदीला जाताना काही गोष्टी पाहून घ्याव्यात. चकत्या बोल्टनं बसवलेल्या आहेत की रिबीट मारलेल्या? स्वस्त सायकलींना रिबीट असतात. आपल्याकडचा मिस्त्री एका नजरेत सांगतो, "भाऊ, याले रिबीट हाय, हे काही निघत नाही." अशा संचात एक चकती झिजली तरी सगळा संच टाकावा लागतो. बोल्टवाल्या संचात झिजलेली चकती तेवढी बदलता येते. दुसरी गोष्ट एक्सलची. चौकोनी टोकाच्या एक्सलचा क्रँक काढायला एक पुलर लागतो, तो बहुतेक ठिकाणी असतो. बाहेर बेअरिंग असलेल्या नव्या पद्धतीच्या संचाला वेगळा पाना लागतो. तो आपल्या मिस्त्रीकडे नसेल तर आपण विकत घेऊन ठेवावा. तिसरी, बीबीच्या नळीची रुंदी. ती ६८ किंवा ७३ मिलीमीटर असते, फूटपट्टीनं मोजता येते. चौथी, चेनची जाडी. मागे सात-आठ असतील तर चेन रुंद असते. दहा-अकरासाठी बनवलेल्या जवळजवळच्या चकत्यांमध्ये ती घासू शकते. पाचवी, क्रँकची लांबी. ती १७० किंवा १७५ मिलीमीटर असते. उंची कमी असेल तर १६५ किंवा १७० घ्यावी.

आणि आता ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या सायकलला चार बोल्टवाला तीन चकत्यांचा अ‍ॅल्युमिनियम क्रँक आधीच असेल, तर नवा संच घेऊच नका. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास बाहेरच्या बाजूला १०४ आणि आतल्या चकतीला ६४ मिलीमीटर असेल, तर बाहेरची मोठी चकती काढून टाका. मधल्या जागी ३६ ची बसवा. आतली २२ ची तशीच राहू द्या. बाहेरच्या रिकाम्या जागी गार्ड लावलं की पँटही अडकत नाही. गार्ड लावायचं नसेल तर आखूड बोल्ट घ्यावे लागतात. ३६ ची चकती मागच्या नळीला घासत नाही ना, हे चाक फिरवून पाहावं. पुढचा डिरेलर खाली सरकवून त्याचा पिंजरा दात्यांच्या एक ते तीन मिलीमीटर वर आणावा. त्याचा मर्यादेचा स्क्रू आवळला की तीन टप्प्यांचा शिफ्टर दोन टप्प्यांवर नीट चालतो. चेनही थोडी कमी करावी लागते. एका चकतीच्या किमतीत दोन चकत्यांचा संच तयार झाला, आणि थोडं वजनही गेलं!

जुन्या चेनवर नवी चकती मात्र चढवू नये. नव्या चेनचे बारा इंचांत बरोबर चोवीस जोड बसतात. तेच चोवीस जोड बारा इंचांच्या अर्धा सूत पुढे गेले की चेन बदलावी. एक सूत वाढेपर्यंत थांबलात, तर चेनबरोबर दातेही गेलेले असतात. ही परीक्षा लोखंडी पट्टीनं दोन मिनिटांत होते.

शेवटी एक सुचवतो. पैसे खर्च करण्याआधी एक महिना वही ठेवा. रोज घरी आल्यावर लिहा: आज कुठे गेलो, पुढच्या कोणत्या चकतीवर जास्त राहिलो, कुठे उतरून ढकलावं लागलं. महिन्याअखेर मोठ्या चकतीच्या रकान्यात काहीच नसेल, तर ती काढून टाका. ढकलण्याचा रकाना भरलेला असेल, तर लहान चकतीचे दाते कमी करा. दोन्ही रकाने रिकामे असतील, तर तुमची सायकल जशी आहे तशीच तुम्हाला योग्य आहे. मग त्या पैशांत नवी चेन आणि चांगले टायर घ्या, आणि उरलेले गायमुखच्या जत्रेसाठी राखून ठेवा.