एका गाळलेल्या वाक्याची फाशी



चेन्नईत फाशीवर बोलायचं तर पेरारिवालन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. २१ मे १९९१ ला इथून जवळ श्रीपेरुंबुदूरला बॉम्बस्फोटात राजीव गांधी मारले गेले, इतरही माणसं गेली. त्या कृत्याचं समर्थन मी करत नाही. पण अटकेवेळी १९ वर्षांच्या असलेल्या या पोराला फाशीची शिक्षा झाली, त्यात मोठा आधार टाडाखाली पोलिसांनी घेतलेल्या कबुलीजबाबाचा होता: बॅटऱ्या आणून दिल्या. 'कशासाठी, ते माहीत नव्हतं' हे त्याचं म्हणणं आपण लिहिलंच नाही, असं जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यानंच २०१३ मध्ये सांगितलं.

फाशी ९ सप्टेंबर २०११ ला ठरली होती. आई अर्पुतम्माळ लढत राहिल्या. २०१४ मध्ये फाशी टळली, २०२२ मध्ये सुटका झाली.

आमच्या महाराष्ट्रात एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं निर्दोष ठरवलं.

संशय आधी कोणाच्या वस्तीवर येतो, कोठडीत मार कोण खातो, वकील कोणाला परवडत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच रद्द करण्याच्या बाजूनं मत मांडलं. तुरुंगाचं दार चुकलं तर उघडता येतं, फास सोडवून माणूस परत येत नाही.

जय भीम!