हवेतला ओलावा आणि मंगळाचं कोडं

बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात पडलेलं हे विवर. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसाल्टचाच. त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार मोलाचं वाटतं.

लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं दिसलं.

पण जिथे पाणीच नाही तिथे?

चिलीच्या अटाकामा वाळवंटात काही सूक्ष्मजीव मिठाच्या खड्यांच्या आत राहतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तसा हा खडा ओलावा ओढून घेतो. तेवढ्यावर त्यांचा निभाव लागतो.

मंगळावर असं जमेल का? तिथलं सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. रात्री तिथली सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र हवेतली सगळी वाफ खाली उतरली तरी पाण्याचा थर मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा भरेल. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले. हे क्षार वाफ शोषतात आणि त्यातल्या काहींचं द्रावण उणे ७० अंशांनाही द्रवरूप राहू शकतं. अडचण अशी, की इतक्या थंड आणि इतक्या खाऱ्या द्रावणात वाढणारा जीव पृथ्वीवर आढळलेला नाही.

मंगळावर जीव अजून सापडलेला नाही. लोणारचं सरोवर मात्र आपल्या हाताशी आहे. ते स्वच्छ राखणं आपल्याला नक्की जमेल.