झोळीतल्या पोराचं डोकं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाच्या सभेत ही बाई पोरांचं काय घेऊन बसली, असं मागं कोणीतरी म्हणालं. ऐकू आलं मला. तेव्हा भावापासूनच सुरू करते.

कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा घरच्या माणसांची मजुरी त्यात धरतो. कमी धरतो, हा आपला जुना वाद आहे. पण निंदणीला बाई गेली तेव्हा तिचं दहा महिन्यांचं पोर कोणी राखलं? आजीनं राखलं, नाहीतर चौथीतल्या ताईला शाळेतून काढून बांधावर बसवलं. आजीचा तो दिवस, ताईची ती बुडालेली शाळा कुठल्या रकान्यात आहे? कुठल्याच नाही. आणि सर्वांत मोठी तूट पडते ती झोळीतल्या पोराच्या डोक्यात.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो. दोन वर्षांत तो पाऊण होतो. म्हणजे पेरणीचा हंगाम हाच. हंगाम चुकला की मागून पाणी देऊन पीक थोडं सावरतं, पण उतारा जातो. मेंदूचं अगदी तसंच नाही, तो पुढंही शिकतो. पण ते शिकणं महाग पडतं.

अंगणवाडी आहे ना, असं म्हणाल. २ ऑक्टोबर १९७५ ला ती योजना सुरू झाली आणि तुटपुंज्या मानधनावर आमच्या ताईंनी ती ओढून नेली. पण तिथं बसतं ते तीन वर्षांवरचं पोर. त्याखालच्याला वजन, लस आणि घरी न्यायचा आहार. दिवसभर ठेवायला जागा नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं आली तर एका बाईला ती राखायची मजुरी द्यायची. २०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. कोणाच्या गावात आहे? हात वर करा. बरं, पुढं जाऊ.

आमच्या गावात आम्ही बायांनी दोन हंगाम पोरं एकत्र ठेवली. पहिल्या वर्षी चुकलो. बारा पोरं आणि एक म्हातारी. पोरं कोरडी, पोटं भरलेली, आणि सगळी गप्प. आम्ही म्हटलं, काय शहाणी पोरं! आठवड्यानं डोक्यात प्रकाश पडला. ती रडत नव्हती, कारण रडून कोणी येत नव्हतं. माझा नातू त्यांतलाच. घरी आल्यावरही तो हाकेला मान वळवेना. तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या वर्षी नऊ पोरं, तीन बाया. ज्या बाईची तीन पोरं, तिचीच ती रोज. आज ही, उद्या ती, असं नाही. आणि राखणारीला निंदणारीइतकीच मजुरी, सगळ्यांनी वर्गणीतून. यावर घरोघरी भांडणं झाली. बसून राहायचे पैसे कसले, म्हणे!

बसून कुठं? भरवताना बोलायचं. हा भात, ही वाटी, गरम आहे, फुंकर घाल. पोर 'आऽ' म्हणालं की आपण 'आऽ' म्हणायचं आणि थांबायचं, त्याची पाळी त्याला द्यायची. आठ-नऊ महिन्यांच्या पोरापुढं फडक्याखाली वाटी लपवा. ते फडकं ओढतं. न दिसणारी वस्तूही असते, हे त्याला तिथं कळतं. झोळी झोपेपुरती, जागं पोर सारवलेल्या जमिनीवर. खेळणी म्हणाल तर डाव, ताटली, मक्याचं रिकामं कणीस. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपल्यांवर बालवाडी चालवली, आपल्याला काय अडलं? फक्त शेंगदाणा, हरभरा, चिंचोका दूर ठेवा, घशात अडकतो. आणि फवारणीचा रिकामा डबा, कितीही धुतलेला असो, पोराच्या हाती देऊ नका.

हे बायकी खूळ वाटत असेल तर जमैकाचं ऐका. तिथं किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या पोरांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जात. घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला पोराशी बोलायला, खेळायला शिकवत. दोन वर्षं हे चाललं. ती पोरं बावीस वर्षांची झाली तेव्हा, सेविका ज्यांच्या घरी गेली नव्हती त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई २५ टक्के जास्त निघाली. हे २०१४ मध्ये छापून आलं. ते घरी जाऊन होतं, आपलं ओसरीवर. पण बोलणं-खेळणं तेच.

आता कामाचं. मृगाला फार दिवस नाहीत. ग्रामसभेत पाळणाघराचा ठराव मांडायचा, त्याचा मसुदा माझ्याकडं आहे. पण मंजुरी येईपर्यंत निंदणी थांबत नाही. ज्या गावात ओसरी द्यायला एक घर आणि राखायला दोन-तीन बाया तयार आहेत, त्या गावच्या बायांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला बसावं. पुरुष आले तरी चालेल. वर्गणीची वही त्यांनीच धरावी.