शेवंती ऊतीसंवर्धन परिषद, पुणे : स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, ठिकठिकाणांहून आलेले शास्त्रज्ञ, रोपवाटिकाधारक आणि शेवंती उत्पादक बंधुभगिनींनो,

पुण्यनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. पेशव्यांची राजधानी, विद्येचे माहेरघर ही या शहराची बिरुदे आपण ऐकलेली आहेत. मला मात्र आज पुण्याच्या बागांविषयी बोलायचे आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे खोदले, त्यातल्या बेटावर सारसबाग झाली. एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहिल्याशिवाय अनेक पुणेकरांना नवे वर्ष लागल्यासारखे वाटत नाही. पण माझ्या सर्वांत जवळची बाग गणेशखिंडीची. ती १८७३ साली उभी राहिली आणि आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तिथे काम करते.

या बागेचे अधीक्षक होते जॉर्ज मार्शल वुड्रो. कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते वनस्पतिशास्त्र शिकवत. भारतातल्या बागकामावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पश्चिम भारतातील वनस्पतींची त्यांची सूची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापली गेली, आणि १९०४ मध्ये आंब्याच्या जातींवर त्यांचे पुस्तक आले. एवढे करणाऱ्या माणसाचे नाव आज किती पुणेकरांना ठाऊक आहे? ही उपेक्षा मला सलते. पाहुण्यांनी वेळ काढून ती बाग जरूर पाहावी.

ऊतीसंवर्धनही पुण्याला परके नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी आणि मास्करेन्हस यांनी बाटलीतल्या बांबूच्या रोपांना फुले आणली. एरवी त्यासाठी दशकांमागून दशके जावी लागतात. १९९० साली ‘नेचर’ने ते काम छापले, याचा आम्हाला अभिमान आहे.

आता शेवंतीबद्दल. आमचा शेतकरी झिपरी, राजा, रेवडी लावतो तो काश्यांपासून. मातृरोपात विषाणू किंवा रोप खुजे ठेवणारा व्हायरॉइड असला, तर तो काश्यांतून पुढच्या लागणीतही उतरतो. शेंड्याच्या वाढबिंदूतून रोपे करून, ती तपासून निरोगी मातृरोपे मिळवता येतात, हे आपण जाणकार मंडळी माझ्यापेक्षा नेमके सांगाल. ही रोपे दसरा-दिवाळीच्या हंगामासाठी वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात बांधावर पोहोचावीत, एवढेच माझे मागणे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास एका ठिकाणी करता आला नाही, काहींना दाटीवाटीने राहावे लागत आहे, आणि गणेशखिंड रस्त्यावरची वाहतूक आमच्या हाती नाही. त्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने क्षमा मागतो. काहीही कमी पडले तर आमच्या स्वयंसेवकांना निःसंकोच सांगा.

गुलटेकडीच्या फूलबाजारातील अडत्यांनी भोजनाचा भार उचलला. रोपवाटिकाधारकांनी मंडपाचा खर्च दिला आणि कुंड्याही पाठवल्या. पुरंदर आणि दौंडच्या शेतकऱ्यांनी व्यासपीठ सजवायला फुले दिली आणि मोबदला घेतला नाही. शाळेच्या चालकांनी सभागृह, तर भगिनी मंडळांनी पहाटेपासूनचे श्रम दिले. या सर्वांचा मी ऋणी आहे.

एक विनंती करतो. उद्याच्या दुपारच्या सत्रातला एक तास शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा आणि शास्त्रज्ञांनी त्यांना मराठीतून उत्तरे द्यावीत. जय हिंद, जय महाराष्ट्र.